अंगावरच्या रेषा कोण वाचतं? स्ट्रेच मार्क्सचा इतिहास

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी, आणि ज्यांना लोकलच्या गर्दीत गुपचूप वाचायचाय त्यांच्यासाठीसुद्धा, हे आजच्या गप्पांचं लिखित रूप. बोलताना जिथे घाई झाली तिथे थोडं नीट मांडलंय. बाकी भाषा तीच, आपली.

आजचा विषय स्ट्रेच मार्क्स. वयात येताना मांड्यांवर आणि कमरेवर उठणाऱ्या रेषा. जिम सुरू केल्यावर दंडाजवळ दिसणाऱ्या रेषा. गरोदरपणात पोटावर, वजन वाढलं की कुशीत, हार्मोन्सचे उपचार सुरू झाले की छातीवर. इनबॉक्समध्ये या विषयावर जे मेसेज येतात त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "हे घालवायचे कसे?" त्याचं उत्तर शेवटी देतो, पळून जात नाही. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा. त्यामुळे मला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो. या रेषा माणसाच्या अंगावर कायमच होत्या. मग त्यांची लाज कुठून आली? आणि या रेषांचा अर्थ लावायचा अधिकार कुणाकडे होता?

आधी दोन मिनिटं शरीरशास्त्र, मग मागे जाऊ.

आपल्या कातडीचे ढोबळमानाने दोन थर धरा. वरचा पातळ, आपल्याला दिसतो तो. त्याच्या खालचा जाड, त्याला डर्मिस म्हणतात. या खालच्या थरात कोलॅजेनचे मजबूत धागे असतात आणि इलॅस्टिनचे ताणले जाणारे धागे असतात. पायजम्याच्या इलॅस्टिकची आठवण ठेवा. शरीर हळूहळू वाढलं तर कातडी त्याच्याबरोबर जुळवून घेते. शरीर झपाट्याने वाढलं, किंवा हार्मोन्समुळे ते धागे आधीच कमजोर झाले असतील, तर खालचा थर आतल्या आत उसवतो. वरचा थर मात्र अखंड राहतो. म्हणून रक्त येत नाही, जखम दिसत नाही, फक्त रेषा दिसते. सुरुवातीला ती लालसर किंवा जांभळट असते, आपल्या सावळ्या कातडीवर कधी गडद तपकिरी. काही महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षाने, ती फिकी पडून पांढुरकी, चंदेरी होते. पहिल्या टप्प्यात खाज येऊ शकते. धोका काही नसतो. एवढंच आहे ते.

आता इतिहास.

आजीबाई म्हणाल्या, आत्रेय म्हणाले

आपल्याकडचा या रेषांचा फार जुना उल्लेख चरकसंहितेत सापडतो. शारीरस्थानाचा आठवा अध्याय. गरोदर बाईची महिन्यागणिक काळजी कशी घ्यायची याचं तिथे वर्णन आहे आणि सातव्या महिन्याशी आल्यावर एक शब्द येतो: किक्किस. आजचे आयुर्वेदाचे डॉक्टर किक्किस म्हणजेच गरोदरपणातले स्ट्रेच मार्क्स असं मानतात.

तिथला प्रसंग मला फार आवडतो. ग्रंथ सांगतो की बायकांचं म्हणणं असं: पोटातल्या बाळाला केस फुटतात, त्यामुळे आईला जळजळ होते. आणि लगेच पुढे, भगवान आत्रेय म्हणतात, तसं नाही. गर्भ वाढताना दाब देतो, त्यामुळे वात, पित्त आणि कफ छातीकडे सरकतात, जळजळ होते, जळजळीतून खाज सुटते आणि खाजेतून किक्किस होतं.

ओळखीचं वाटलं ना? आजही आपल्याकडे गरोदर बाईला ॲसिडिटी झाली की घरातली एखादी मावशी म्हणतेच, "बाळाला जावळ भरपूर येणार बघ!" म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास हे वाक्य या देशात फिरतंय. वैद्यांनी ते ग्रंथात खोडून काढलं, तरी बायकांनी ते सोडलं नाही.

आता गंमत ऐका. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ६४ गरोदर बायकांची जळजळ आणि त्यांच्या बाळांचे केस यांची रीतसर नोंद ठेवली. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. जास्त जळजळ झालेल्या बायकांच्या बाळांना खरंच जास्त केस होते! संशोधकांचा अंदाज असा की गरोदरपणातली तीच हार्मोन्स एकीकडे अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतात आणि दुसरीकडे बाळाच्या केसांच्या वाढीवर परिणाम करतात. अभ्यास छोटा होता, आणि केसांमुळे जळजळ होते असं काही त्यातून निघत नाही. पण बायकांनी जी जोडी बघून ठेवली होती ती अगदीच हवेतली नव्हती. हा मुद्दा डोक्यात ठेवा. ज्याच्या अंगावर गोष्ट घडते त्याचं म्हणणं ऐकायचं की नाही, हा प्रश्न आज आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

चरकसंहितेत उपायही आहेत. बोराच्या काढ्याबरोबर औषधी लोणी थोडं थोडं खायचं. पोटाला आणि छातीला चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप. कुठे हळद, कुठे कडुनिंब, तुळस, मंजिष्ठा. आणि हो, हरणाच्या किंवा सशाच्या रक्तात कालवलेला त्रिफळा. घरगुती आयुर्वेदाच्या रील्समध्ये हा शेवटचा भाग कुणी सांगत नाही! पण एक सल्ला आजच्या डॉक्टरच्या तोंडून आला तरी खपेल: खाजवू नका, कातडी बिघडेल.

या सगळ्यात मला एक गोष्ट जाणवली. त्या मजकुरात तक्रार आहे ती जळजळीची, खाजेची. कातडी बिघडू नये ही काळजी आहे, पण त्या बाईला कुणी दोष देत नाही. रेषा आल्या म्हणजे तिचं काही चुकलं, असा सूर तिथे नाही. आणि पोट सपाटच हवं हा हट्ट त्या काळच्या सौंदर्याच्या कल्पनेतही नव्हता. संस्कृत कवी बाईच्या पोटावरच्या तीन वळ्यांना त्रिवली म्हणत आणि त्यांचं कौतुक करत.

रोमचे दोन आवाज

दोष देणारा आवाज ऐकायचा असेल तर जरा पश्चिमेला, रोमला जाऊ.

ओविड नावाचा रोमन कवी, इसवी सनाच्या जरा आधीचा. त्याच्या अमोरेस या प्रेमकवितांच्या संग्रहात गर्भपाताबद्दल एक कविता आहे. पोटावर सुरकुत्या पडू नयेत म्हणून तू हे करतेस का, असा टोमणा त्यात बाईला मारलेला आहे. पोटावरच्या खुणांची भीती तेव्हाच्या रोममध्ये इतकी ओळखीची होती की कवितेत ती नुसती सूचित केली तरी वाचकाला कळायची. म्हणजे बघा, खुणा आल्या तर रूप गेलं, आणि खुणा नकोत म्हटलं तर बाई वाईट. दोन्हीकडून कोंडी.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच रोममध्ये सोरेनस नावाचा वैद्य काम करत होता. मूळचा इफेससचा. बायकांच्या आजारांवर आणि बाळंतपणावर त्याचा मोठा ग्रंथ आहे. तो काय सांगतो? गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोटाला मऊ पट्ट्याचा आधार द्या. कच्च्या ऑलिव्हचं तेल आणि मर्टल नावाच्या सुगंधी झुडपाचा लेप लावा, म्हणजे कातडी फाटणार नाही. उपदेश नाही, टोमणा नाही. एकाच शहरात एक जण रेषांवरून बाईचा स्वभाव ठरवत होता आणि दुसरा तिच्या पोटाला तेल लावायला सांगत होता.

नावातच काठी

पुढे आधुनिक डॉक्टरांनी या रेषांना नावं दिली तेव्हा काय झालं ते बघू. लॅटिनमध्ये यांना स्ट्रिया म्हणतात. स्ट्रिया म्हणजे खाच, नांगराने शेतात पाडलेली सरी. हे नाव बरं आहे, शेतकऱ्याच्या पोराला पटेल असं. फ्रेंच शब्द मात्र वेगळा: व्हेर्जत्युर. त्याचं मूळ काठी, छडी या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे छडीचे वळ! बघणाऱ्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल ते नावातच उतरलंय: या माणसाला कुणीतरी मारलंय.

१८८९ मध्ये त्र्वाझिए आणि मेनेत्रिए या दोन फ्रेंच डॉक्टरांनी या कातडीची सूक्ष्मदर्शकाखालची रचना छापून प्रसिद्ध केली. तिथून हा विषय बघण्यापुरता न राहता तपासण्याचा झाला. पण वळांची शंका काही गेली नाही, आणि हे मी स्वतःच्या पाठीवरून सांगू शकतो.

नववीत असताना माझी उंची एका वर्षात भसाभस वाढली. पाठीवर, कमरेच्या जरा वर, आडव्या लालसर रेषा उठल्या, एकाखाली एक. मला पाठ दिसत नव्हती, त्यामुळे पत्ताच नव्हता. शाळेत कबड्डीच्या सरावाला शर्ट काढला आणि सरांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात विचारलं, "घरी कोण मारतं रे तुला?" मला प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं. बाबांनी माझ्यावर आयुष्यात कधी हात उगारला नव्हता. ते तिथे उभे राहिले आणि त्यांना स्वतःच्या बाजूने बोलायला एक शब्द सुचेना. शेवटी एका डॉक्टरने पाठ बघून सांगितलं, "उंची वाढतेय, कातडी मागे राहिलीय. जाईल लाली." प्रकरण मिटलं. बाबा मात्र बरेच दिवस गप्प होते.

सरांनी विचारलं ते बरोबरच केलं, हे मी आजही म्हणतो. मुलाच्या पाठीवर वळ दिसले तर विचारायलाच हवं. पण मोठेपणी वाचताना मला कळलं की डॉक्टरांच्या नियतकालिकांत अशा केसेस नोंदवलेल्या आहेत. वयात येणाऱ्या, पटकन उंच झालेल्या मुलांच्या पाठीवर आडव्या रेषा, आणि त्यावरून घरच्यांवर मारहाणीचा संशय. त्या लेखांचा सांगावा साधा: आधी विचारा, तपासा, मग ठरवा. माझ्या बाबांना तपासणारा डॉक्टर एका दिवसात भेटला. रेषांवरून निवाडा होण्याची वेळ सगळ्यांवरच अशी सोपी येत नाही. आता मी सांगणार आहे तो भाग जड आहे.

साक्षीदार: पोट

एकोणिसाव्या शतकातलं आपलं महाराष्ट्र आणि गुजरात. १८५६ मध्ये विधवेला पुन्हा लग्न करायची परवानगी कायद्याने मिळाली होती, पण उच्च म्हणवणाऱ्या जातींत प्रत्यक्षात ते जवळजवळ अशक्य होतं. लहान वयात विधवा झालेल्या मुली घरातच राहायच्या. त्यांच्यावर घरातल्या, नात्यातल्या पुरुषांकडून अत्याचार व्हायचे. दिवस गेले की बदनामी तिची. मग गुपचूप बाळंतपण, आणि कधी कधी त्या बाळाचा जीव जायचा. पुढे खटला, तोही तिच्यावर.

१८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं ते याच परिस्थितीत. विधवेने तिथे यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, हवं तर मूल तिथे ठेवून जावं. १८७४ मध्ये फुले दांपत्याने ज्या मुलाला दत्तक घेतलं तो यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. पुढे तो डॉक्टर झाला. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. नंतर ती कमी करण्यात आली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर जी चर्चा उसळली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ मध्ये स्त्रीपुरुष तुलना लिहिलं. त्यांचा सवाल सरळ होता: जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नसतात का?

आता याचा आपल्या रेषांशी काय संबंध? असा खटला उभा राहिला की डॉक्टरपुढे प्रश्न यायचा: या बाईचं बाळंतपण झालंय की नाही? त्यासाठी न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत खुणांची यादी असायची. स्तनांतले बदल, पोटाची सैल कातडी, आणि त्यात एक नोंद: पोटावरच्या पांढऱ्या रेषा. हे भारतात पक्कं रुजलेलं शास्त्र आहे. जे. पी. मोदी यांचं न्यायवैद्यकाचं पुस्तक १९२० मध्ये पहिल्यांदा आलं आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आजही डॉक्टर आणि वकील वापरतात. बाळंतपणाच्या खुणांमध्ये या रेषांची गणती होतेच.

पण इथे शास्त्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हीच शाखा सावधही करते. पोटात पाणी झालं, गाठ झाली, अंग सुटलं तरी अशाच रेषा येतात. आणि काही बायकांना दोन-तीन बाळंतपणं होऊनही एक रेष येत नाही. म्हणजे नुसत्या रेषांवरून काहीच सिद्ध होत नाही. कागदावर ही सूचना आहे. प्रत्यक्षात वाड्यातल्या बायका, शेजारीपाजारी, पंच यांच्यापैकी कुणी पुस्तक वाचून मत बनवत नाही. एखाद्या मुलीच्या पोटावर रेषा दिसल्या तर कुजबूज सुरू व्हायला तेवढं पुरतं.

मला या सगळ्यात एक गोष्ट टोचते. त्या बाळाला बापही होताच की. त्याच्या अंगावर कसलीच रेष उठली नाही. शरीराने नोंद ठेवली ती फक्त बाईच्या कातडीवर, आणि जगाने ती नोंद तिच्याच विरुद्ध वाचली. आज एखादी मुलगी कॉलेजच्या ट्रिपला टीशर्ट वर सरकला म्हणून घाबरते, लग्न ठरल्यावर गुगल करते की "लग्नाआधी स्ट्रेच मार्क्स असले तर नवऱ्याला काय वाटेल?" तेव्हा तिला माहीतही नसतं, पण ती भीती एवढी जुनी आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: वयात येताना या रेषा खूप मुलींना येतात, आणि मुलांनाही. त्यांच्यावरून कुणाच्याही आयुष्याबद्दल काहीही कळत नाही.

जांभळ्या रेषा आणि क्रीमची ट्यूब

विसाव्या शतकात या रेषांचा अर्थ लावायला एक नवा माणूस आला, आणि त्याने त्या माणसाच्या बाजूने वाचल्या. हार्वे कुशिंग, अमेरिकन मेंदूशल्यविशारद. १९१२ च्या पुस्तकात त्याने २३ वर्षांच्या एका तरुणीची केस लिहिली. वैद्यकाच्या इतिहासात ती मिनी जी. या नावाने ओळखली जाते. धडावर चरबी वाढलेली, अंगावर लव वाढलेली, पाळी थांबलेली, आणि पोटावर जांभळट रेषा. "खाणं कमी कर" म्हणून तिला परत पाठवता आलं असतं. कुशिंगने त्या रेषा हार्मोन्सच्या आजाराची खूण म्हणून वाचल्या. १९३२ मध्ये त्याने अशा रुग्णांवर सविस्तर लेख लिहिला आणि तो आजार आज त्याच्या नावाने ओळखला जातो. या आजारात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन जास्त होतं. ते कातडी पातळ करतं आणि धागे तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. मग थोड्याशा ताणानेही कातडी आतून उसवते.

पुढे १९४८ मध्ये या जातीचंच कॉर्टिसोन औषध म्हणून संधिवाताच्या रुग्णांना दिलं गेलं आणि चमत्कार वाटावा असा फरक पडला. १९५० मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. १९५२ पासून स्टेरॉइड मलमाच्या रूपातही आलं. त्वचारोगांसाठी ही फार मोठी गोष्ट होती, आणि डॉक्टरच्या सल्ल्याने ती आजही तशीच आहे.

पण आपल्याकडे काय झालं? गजकर्ण झालं, मांडीत खाज सुटली, चेहरा उजळ हवाय, की मेडिकलवाल्याकडून ट्यूब. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, अँटिबायोटिक असतं आणि बरोबर जोरदार स्टेरॉइडही असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस महिनोन्‌महिने लावत राहतो. गजकर्ण आतून पसरतं आणि जांघेत, काखेत रुंद, खोल रेषा पडतात. वाढीच्या वयातल्या रेषा फिक्या होतात, या मात्र सहसा ठळकच राहतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. तरी ट्यूब मिळतेच, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर थांबा आणि डॉक्टरला विचारा.

बाजाराने काय केलं

आता बाजार. सोरेनसच्या तेलापासून कोको बटरपर्यंत, पोटाला काहीतरी चोळायची पद्धत सगळीकडे सापडते. फरक एवढाच की आता त्याच्यामागे जाहिरात आहे. १९९० मध्ये फोटोशॉप आलं आणि मासिकांतल्या, जाहिरातींतल्या शरीरावरून रेषा पुसणं सोपं झालं. आपली पिढी अशी शरीरं बघत मोठी झाली ज्यांवर एकही रेष नाही. मग आरशात स्वतःच्या दिसल्या की वाटतं, फक्त मलाच आहेत. २०१७ मध्ये एसॉस या ब्रिटिश ऑनलाइन दुकानाने मॉडेलच्या अंगावरचे स्ट्रेच मार्क्स फोटोत तसेच ठेवले, तर त्याची जगभर बातमी झाली. कातडी कातडीसारखी दिसली, ही बातमी!

क्रीमांचं खरं काय? २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेने आधीच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. सहा चाचण्या, ८०० बायका. गरोदरपणात लावलेल्या कुठल्याही क्रीमने रेषा टळतात असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. २०१३ मध्ये ३० हजारांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. त्यात या रेषांचा संबंध इलॅस्टिन बनवणाऱ्या जनुकाच्या आसपासच्या बदलांशी दिसला. थोडक्यात, तुझ्या ताईला एकही नाही आणि तुला खूप आहेत, यात तुझा आळस नाही आणि तिने लावलेल्या तेलाचा पराक्रमही नाही. बराचसा भाग आईवडिलांकडून आलेला.

मग करायचं काय?

तर आता तो इनबॉक्समधला प्रश्न.

रेषा पूर्ण पुसून टाकणारं काही नाही. जो "१०० टक्के गॅरंटी" म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. वेळ हा सगळ्यात मोठा उपाय आहे, लाली आपोआप उतरते. उपचार करायचेच असतील तर लाल टप्प्यात त्यांचा उपयोग जास्त होतो, पांढऱ्या झाल्यावर कमी. ट्रेटिनोइनसारखी क्रीमं डॉक्टर देतात, पण गरोदरपणात ती अजिबात चालत नाहीत. लेझरने फरक पडू शकतो, पण आपल्या सावळ्या कातडीवर त्यानंतर काळे डाग उठू शकतात, म्हणून ब्युटी पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञाकडेच. खाज असेल तर साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावा. रेषा जाणार नाहीत, खाज कमी होईल. खाजवू नका, हे तर चरकसंहितेनेही सांगून ठेवलंय. जिममध्ये वजन झपाट्याने वाढवायची घाई नको, आणि कुणी "सप्लिमेंट" म्हणून इंजेक्शन दिलं तर ते घेऊ नका.

डॉक्टरकडे कधी जायचं? रेषा खूप रुंद आणि जांभळ्या असतील, न वाढण्याच्या वयात अचानक आल्या असतील, बरोबर चेहरा गोल होणं, पाळी बिघडणं, थकवा, रक्तदाब असं काही असेल तर. गरोदरपणात पोटावरच्या रेषांवर पुरळ आलं, किंवा तळहात-तळपायांना खूप खाज सुटली, तरीही लगेच दाखवा.

माझी एक ट्रान्स मैत्रीण आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन्स सुरू करून तिला वर्ष होत आलं होतं. एके दिवशी ती म्हणाली, "अरे, छातीवर रेषा आल्या." मला वाटलं तिला वाईट वाटलंय. मी तोंड उघडलं तोच ती हसली. "वर्गातल्या मुलींना दहावीत आल्या होत्या. मला आत्ता आल्या. मी आरशासमोर दहा मिनिटं उभी होते." तिला त्या ठेवायच्या होत्या. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिने लेझरची चौकशी केली असती, आणि तेही बरोबरच असतं. या रेषांवर प्रेम करा असा आदेश मी कुणाला देणार नाही. ते आणखी एक ओझं होईल.

मला एवढंच दिसतं. दोन हजार वर्षांत कवीने वाचल्या, सरांनी वाचल्या, पंचांनी वाचल्या, जाहिरातवाल्याने वाचल्या. सोरेनस आणि कुशिंगसारखी मोजकी माणसं होती, ज्यांनी आधी त्या माणसाला काय होतंय ते विचारलं. रेष तेव्हाही तीच होती. शरीराला जागा हवी होती आणि कातडीने ती करून दिली. त्याचा अर्थ काय लावायचा ते आता ज्याची कातडी त्याने ठरवावं.

आणि बाबांचं सांगायचं राहिलं. हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी मी त्यांना फोन करून विचारलं, शाळेचा किस्सा सांगू का? ते म्हणाले, "सांग. पण सर चांगले होते, तेही सांग."

सांगितलं, बाबा.

एपिसोड आवडला तर ज्याला गरज आहे त्याला पाठवा, वर काही न लिहिता पाठवलात तरी चालेल. पुढच्या वेळी भेटू. काळजी घ्या!